बेमालूम : फरशीच्या सांध्याचा इतिहास

‘बेमालूम’ हे विशेषण मराठीत दोन माणसांच्या कसबाला लावले जाते : रफूगाराच्या आणि ठकसेनाच्या. दोघांचेही यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते. जोड कोठे आहे हे पाहणाऱ्याला कळता कामा नये. संगणकीय चित्रणाच्या व्यवहारात ज्याला ‘सीमलेस टेक्स्चर’ म्हणतात, त्यासाठी आम्हांला याहून नेमका शब्द सापडलेला नाही. बेमालूम पोत म्हणजे असा चौकोनी चित्रतुकडा, की तो शेजारी शेजारी, वरखाली कितीही वेळा मांडला तरी एक तुकडा कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे डोळ्यांना उमगत नाही. त्याच्या साहाय्याने हातभर चित्रातून मैदानभर जमीन अंथरता येते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते काहीसे अपघाताने. एका जुन्या घराच्या दिवाणखान्याचे संगणकीय चित्र उभे करण्याच्या कामात आमच्यातील काहींना हातभार लावावा लागला. घर पाडून झाले होते. हाती होती थोडी छायाचित्रे, आणि गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या, इंग्लंडहून कधीकाळी आलेल्या बारा नक्षीदार फरश्या. त्या बारांवरून सगळी जमीन पुन्हा अंथरायची होती. या कामाचे काय झाले ते पुढे सांगूच. पण ते करताना आमच्या ध्यानात आले की, ज्याला आज तंत्रज्ञ संगणकाचा प्रश्न समजतात तो मुळात कुंभाराचा आणि गवंड्याचा प्रश्न आहे. पहिल्यांदा त्याकडे गणिताच्या नजरेने पाहिले ते एका धर्मगुरूने.

सेबास्तियँ त्रुशे (1657–1729) हे कार्मेलाइट पंथाचे फ्रेंच पाद्री. कालवे बांधण्यातले जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होता. ऑर्लेआंच्या कालव्याच्या कामानिमित्त फिरत असताना एका गढीपाशी त्यांना चिनी मातीच्या चौरस फरश्या दिसल्या. तेथील प्रार्थनागृहाची आणि काही दालनांची जमीन करण्यासाठी त्या आणल्या होत्या. प्रत्येक फरशी कर्णरेषेने दोन त्रिकोणांत विभागलेली. अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. नक्षी म्हणून याहून दरिद्री नक्षी नसेल. त्रुशेंना मात्र कुतूहल वाटले ते मांडणीचे. एक फरशी चार तऱ्हांनी फिरवून ठेवता येते. तिच्या चारपैकी कोणत्याही कडेला दुसरी लावता येते. आणि ती दुसरीही चार तऱ्हांनी फिरते. म्हणजे केवळ दोन फरश्यांची चौसष्ट मांडणे झाली. त्यांतील वस्तुतः एकसारखी असणारी वगळून त्यांनी ती दहांवर आणली आणि मग अशा जोड्यांतून मोठमोठे पट रचून दाखवले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या 1704 च्या वृत्तांतात हा निबंध आहे. पुढे 1722 मध्ये दोमिनिक दुआ यांनी त्याच सूत्रावर एक पूर्ण ग्रंथ लिहिला.

साहित्याच्या वाचकाला त्रुशेंचे आणखी एक कर्तृत्व माहीत असावे. चौदाव्या लुईच्या राजमुद्रणालयासाठी ‘रोमँ द्यु र्‍वा’ नावाचा जो टंक घडवला गेला, त्याची आखणी करणाऱ्या मंडळात ते होते. अक्षराला चौकटींच्या जाळीत बसवून त्याचा प्रत्येक बाक मोजून काढण्याचा तो उपक्रम. फरशी आणि अक्षर या दोन्हींकडे पाहणारी नजर एकच आहे : थोड्या ठरावीक खुणा, आणि त्यांच्या क्रमातून उपजणारी अगणित रचना. भाषेचे व्याकरणही याहून फारसे वेगळे काही सांगत नाही. असो. 1987 साली धातुशास्त्रज्ञ सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी हा विस्मृतीत गेलेला निबंध पुन्हा उजेडात आणला आणि कर्णरेषेच्या जागी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पाव वर्तुळे असलेली फरशी सुचवली. ती कशीही फिरवली तरी वर्तुळखंडांची टोके शेजारणीच्या टोकांना जुळतातच, आणि जमिनीवर वळणावळणाच्या वाटा उमटत जातात. आज संगणकावर सूत्राने नक्षी उपजवणारा प्रत्येक विद्यार्थी सुरुवातीच्या काळात ‘त्रुशे टाइल’ गिरवतो. ज्यांनी 1980 च्या दशकात कमोडोर 64 हा घरगुती संगणक हाताळला असेल, त्यांना एका ओळीच्या आज्ञेने पडदाभर पसरणारा तिरप्या रेघांचा चक्रव्यूह आठवेल. तोही याच फरश्यांचा वंशज.

त्रुशेंनी मांडणीचा विचार केला. पण सांधा लपवण्याची युक्ती कारागिरांना त्यांच्या कितीतरी आधीपासून साधलेली होती. सतराव्या शतकातील डच फरशी हातात घेऊन पाहा. सुमारे तेरा सेंटिमीटरचा चौरस, मधोमध निळ्या रंगात एखादे जहाज, एखादे मूल किंवा एखादा पक्षी, आणि चारही कोपऱ्यांत एक अर्धवट, निरर्थक भासणारे चिन्ह. त्याच्या एका प्रकाराला बैलाच्या मुंडक्याचे नाव आहे. एकट्या फरशीत हे चिन्ह उपरे वाटते. चार फरश्या एकत्र आल्या की चार कोपऱ्यांतील चार पाव भाग मिळून एक स्वतंत्र फूल उमलते, आणि ते नेमके सांध्याच्या चौकावर उमलते. डोळा त्या फुलावर स्थिरावतो आणि खालची दरज विसरतो. आम्हांला यात यमकाची आठवण येते. ओळीच्या शेवटी आलेला शब्द तिथे अपुराच असतो. त्याचे जोडपद पुढच्या ओळीत भेटते, आणि भेटते तेव्हा दोन ओळींमधली रिकामी जागा हीच रचनेतली सर्वांत घट्ट जागा होऊन बसते.

पोर्तुगालमध्ये याच शतकात वेगळा मार्ग निघाला. तेथे चर्चच्या भिंतीच्या भिंती फरश्यांनी मढवण्याची रीत पडली आणि अशा मढवणीला गालिच्याचे नाव मिळाले. एकाच फरशीची नक्षी भिंतभर आली तर कंटाळवाणी होते. म्हणून दोन गुणिले दोन, चार गुणिले चार, आणि क्वचित बारा गुणिले बारा फरश्यांचा मिळून एक घटक करू लागले. पुनरावृत्ती आहेच, पण ती इतकी लांबवली की एका नजरेच्या टप्प्यात येऊ नये. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; संगणकाला तो तीनशे वर्षांनी नव्याने शोधावा लागला. पोर्तुगीज फरशीला ‘अझुलेजु’ म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कुलासु यांनी 1935 मध्ये केलेली अझुलेजुची भित्तिचित्रे आहेत. कामोंइशच्या 1572 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लुझियद’ महाकाव्यातील प्रसंग त्यांत रंगवले आहेत. तेथे पुनरावृत्ती मुळीच नाही. प्रत्येक फरशीला भिंतीवर एकच जागा आहे. चुकून दोघींची अदलाबदल झाली तर कोणा वीराचा हात समुद्रात जाईल. तीच माती, तीच झिलई, तोच चौरस. परंतु गालिचा आणि महाकाव्य यांत जेवढे अंतर, तेवढे या दोन भिंतींत आहे.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जे घडले ते मुंबईकरांच्या पायाखाली आजही आहे. मध्ययुगीन मठांतील जमिनींत एक विशेष प्रकारची फरशी असे : ओल्या मातीवर ठसा उमटवून खळगा करायचा आणि त्यात दुसऱ्या रंगाची माती भरून भाजायची. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या सभागृहाची 1250 च्या दशकातली जमीन याच पद्धतीची आहे. मध्यंतरी लुप्त झालेली ही कला सॅम्युएल राइट यांनी 1830 मध्ये पेटंट घेऊन यंत्रयुगात आणली आणि हर्बर्ट मिंटन यांनी ती बाजारात रुजवली. 1840 मध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी दाबून वस्तू घडवण्याची रीत काढली. तिने उत्पादनाचा वेग पालटला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, म्हणजे 1872 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या जुन्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, मिंटन फरश्यांची जमीन आहे. या फरशीचा गुण असा की, तिची नक्षी पृष्ठावर रंगवलेली नसते, मातीतच काही अंतर खोल गेलेली असते. पाय पडून पडून पृष्ठभाग झिजला तरी नक्षी टिकते. बाहेरून रंगवलेल्या झिलईच्या फरशीत झीज म्हणजे चित्राचा अंत. हिच्यात झीज म्हणजे चित्राचे वय.

आता संगणकाकडे येऊ. 1974 साली यूटा विद्यापीठातील एडविन कॅटमल यांनी आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर सपाट चित्र गुंडाळण्याची रीत मांडली. तोवर संगणकी वस्तू एकरंगी, मेणाच्या असल्यासारख्या दिसत. 1976 मध्ये जेम्स ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी ती रीत पुढे नेली. न्यूएल यांनी 1975 मध्ये घरातल्या चहाच्या किटलीचे मोजमाप करून तिची गणिती प्रतिकृती केली होती. संगणकीय चित्रणाच्या जगात ती किटली अजरामर झाली आहे. तीही चिनी मातीचीच, हा योगायोग आम्हांला सुखावतो. 1978 मध्ये ब्लिन यांनी पृष्ठभागाची भूमिती न बदलता केवळ प्रकाशाच्या हिशेबात फेरफार करून उंचसखलपणा भासवण्याची युक्ती दिली. आज फरशीची उंचावलेली कड आणि आत दबलेली दरज पडद्यावर दिसते ती त्या युक्तीच्या वारसांमुळे.

परंतु फरशीचा खरा प्रश्न उभा राहिला तो स्मृतीच्या कृपणतेतून. ‘डूम’ या 1993 च्या खेळात जमिनीचा प्रत्येक चित्रतुकडा 64 गुणिले 64 पिक्सेलांचा होता. 1996 च्या निन्टेन्डो 64 या यंत्रात पोतासाठी राखलेली जलद स्मृती अवघी चार किलोबाइट होती. एवढ्या चिंधीतून महाल मढवायचे, तर ती चिंधी पुन्हा पुन्हा वापरणे भाग होते. यंत्राला त्यात काही अडचण नव्हती. चित्राची उजवी कड संपली की ते पुन्हा डाव्या कडेपासून वाचू लागते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर त्या चौकोनाची डावी कड उजवीला आणि वरची कड खालचीला चिकटवलेली असते. प्रत्यक्षात तसे चिकटवले तर मेदूवड्याचा आकार होईल. अडचण असते ती चित्रात. छायाचित्राची उजवी कड आणि डावी कड स्वभावतः जुळत नाहीत, आणि जमिनीवर काटकोनी जाळे उमटते.

त्यावरचा रूढ उपाय मोठा मनोरंजक आहे. चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवायचे. जो भाग उजवीकडून बाहेर जातो तो डावीकडून आत येतो. परिणामी चारही बाहेरच्या कडा आपोआप जुळलेल्या मिळतात, कारण त्या मुळात चित्राच्या मध्यातल्या सलग जागा असतात. आणि न जुळणाऱ्या कडा मध्यभागी क्रुसासारख्या उघड्या पडतात. लपवायचे ते आधी डोळ्यांसमोर मधोमध आणायचे. मग चित्राच्याच दुसऱ्या भागातील धागे घेऊन तो क्रूस बुजवायचा. हे रफूच आहे. कापडाच्या आतल्या शिवणीतून सूत काढून भोकावर विणणाऱ्या कारागिराहून यात निराळे काही घडत नाही.

रफू साधले की दुसरे संकट येते. सांधा नाहीसा झाला की पुनरावृत्ती उघडी पडते. मूळ फरशीवर एखादा टवका असेल, एखादा चहाचा डाग असेल, तर तो दर तीन हातांवर त्याच जागी, त्याच आकारात दिसू लागतो, आणि पाहणाऱ्याच्या ध्यानात सर्वांआधी तोच येतो. म्हणून जाणकार कलावंत पहिल्यांदा डाग पुसतो, टवके भरतो, एका बाजूने पडलेला उजेड सपाट करतो. जे जे त्या फरशीचे एकटीचे, ते ते काढून टाकतो. उरते ती कोणत्याही फरशीची फरशी. पालुपदाच्या बाबतीत हे संकट का येत नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. आमचे मत असे की, पालुपद आपण पुन्हा येत आहोत हे लपवत नाही, आणि प्रत्येक कडव्यानंतर त्याच शब्दांचा अर्थ किंचित सरकलेला असतो. पोताला हे दोन्ही वर्ज्य आहे.

या कोंडीतून वाट काढणारी कल्पना तर्कशास्त्रातून आली. हाओ वांग या चिनी-अमेरिकी तर्कशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये कडांवर रंग दिलेल्या चौकोनांचा प्रश्न मांडला : फरश्या फिरवायच्या नाहीत, आणि शेजारच्या कडांचे रंग जुळलेच पाहिजेत. अशा दिलेल्या फरश्यांनी अमर्याद जमीन भरता येईल की नाही, हे ठरवण्याची सार्वत्रिक रीत आहे का? वांग यांचा तर्क असा होता की, जमीन भरता येत असेल तर ती आवर्ती पद्धतीनेही भरता येईलच. त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्जर यांनी 1966 मध्ये हा तर्क खोडून काढला. जमीन भरतात पण कधीही आवर्तन होऊ देत नाहीत अशा फरश्यांचा त्यांनी 20,426 प्रकारांचा संच दिला, आणि सार्वत्रिक रीत असूच शकत नाही हेही सिद्ध केले. संच पुढे लहान होत गेला. 2015 मध्ये तो अकरा फरश्यांवर आला. वांग-फरश्यांच्या पलीकडे, केवळ आकाराच्या बळावर आवर्तन टाळणारी एकुलती एक फरशी 2023 मध्ये मिळाली. ती प्रथम दिसली डेव्हिड स्मिथ या हौशी अभ्यासकाला, आणि गणितज्ञांनी त्याच्यासह ती सिद्ध केली. त्रुशेंच्या निबंधाप्रमाणेच येथेही आरंभ निव्वळ कुतूहलाने झाला, याची नोंद आम्ही आनंदाने करतो.

चित्रणासाठी मात्र एवढ्या कठोर अनावर्तनाची गरज नव्हती. 2003 मध्ये मायकेल कोहेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, आडव्या कडांना दोन आणि उभ्या कडांना दोन असे रंग घेतले तर आठच तुकडे पुरतात. वरच्या आणि डावीकडच्या शेजाऱ्याशी जुळणारे दोन तुकडे प्रत्येक ठिकाणी उपलब्ध असतात. त्यांतील कोणता घ्यायचा हे नाणे फेकून ठरवायचे. सांधा जुळतो आणि क्रम सांगता येत नाही. पोर्तुगीज गालिच्याने पुनरावृत्ती लांबवली होती. येथे ती दैवावर सोपवली.

गंमत अशी की एव्हाना खरी फरशीही संगणकाच्या वाटेने येऊ लागली होती. सन 2000 च्या सुमारास स्पेनमध्ये चिनी मातीच्या फरशीवर शाईच्या फवाऱ्याने थेट चित्र छापणारी यंत्रे आली आणि पुढे गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांनीही ती स्वीकारली. आता संगमरवराचे किंवा लाकडाचे छायाचित्र भट्टीत जाऊन फरशी होते. एकाच नमुन्याच्या खोक्यात चार-सहा वेगवेगळे छाप मिसळलेले असतात, म्हणजे शिरांची पुनरावृत्ती लगेच ध्यानात येऊ नये. दुकानदार त्याला ‘रँडम’ म्हणतो. तीच फरशी विकण्यासाठी तिचे बेमालूम पोत गृहसजावटीच्या चित्रकारांना पुरवले जाते. दगडाचे चित्र, चित्राची फरशी आणि फरशीचे पुन्हा चित्र, असा हा फेरा आहे. मूळ दगड कोठल्या खाणीतला, हे त्यात कोणी विचारत नाही.

आमच्या बारा फरश्यांकडे परत येतो. चित्रकार तरुण कसबी होता. त्याने बारांतली सर्वांत स्वच्छ फरशी निवडली, तिचे छायाचित्र सर्व बाजूंनी सारख्या उजेडात घेतले, रंगाचे एक, उंचसखलतेचे एक आणि चकाकीचे एक अशी तीन चित्रे तयार केली. दरज फरशीहून कमी चकाकली पाहिजे, हेही तो विसरला नाही. दोन दिवसांत दिवाणखान्याची जमीन अंथरून झाली आणि ती देखणी होती. घराच्या मालकीणबाईंना, ऐंशीच्या घरातल्या त्या, आम्ही सारे काकू म्हणतो, आम्ही ती दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “छान झालंय हो. पण ही आमची जमीन नाही. आमच्या झोपाळ्याखालचा रंग गेला होता.”

मग त्या सांगू लागल्या. झोपाळ्याला रेटा देताना पाय ज्या पट्ट्यात घासत, तेथील फिकट माती अधिक उघडी पडली होती. देवघराच्या उंबऱ्याशी एक फरशी उलट बसली होती. गवंड्याची चूक, आणि सासऱ्यांनी ती कधी दुरुस्त करू दिली नाही. खिडकीशी पावसाचे पाणी येई, तेथील सांधे काळे पडले होते. गोणपाटातील बारा फरश्या पुन्हा उलगडल्या, तेव्हा त्यांतील तीन झिजलेल्या निघाल्या. निवड करताना आम्हीच त्या निकामी म्हणून बाजूला ठेवल्या होत्या.

साहित्याचे विद्यार्थी म्हणून आम्हांला याची लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही हेच सांगत आलो आहोत की, पोथीतील खाडाखोड, हाताळून मळलेले पान, नकलाकाराने दोनदा लिहिलेली ओळ हीदेखील साक्ष असते. शुद्ध संहिता तयार झाली म्हणून पोथ्या फेकून द्यायच्या नसतात. फरशीच्या बाबतीत मात्र आम्ही सर्वांत शुद्ध प्रत उचलली आणि तिलाच शेकडो वेळा छापले. कोचीच्या परदेशी सिनगॉगची जमीन आठवते. अठराव्या शतकात चीनमधील कँटनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांची ती जमीन. त्यांतील दोन फरश्या तंतोतंत सारख्या नाहीत, असे सांगतात. सलमान रश्दी यांनी ‘द मूर्स लास्ट साय’ या 1995 च्या कादंबरीत त्या फरश्यांना कथेत स्थान दिले, ते या समजुतीच्या आकर्षणातूनच असावे. त्या जमिनीचे बेमालूम पोत करायला घेतले, तर पहिल्याच फरशीला हात लावताना बाकीच्या सगळ्या वगळाव्या लागतील.

काकूंच्या दिवाणखान्याचे काम पुन्हा उघडले. चित्रकाराने बाराही फरश्यांची छायाचित्रे घेतली. त्यांतून जमीन अंथरली आणि वर झिजेचा एक वेगळा थर दिला. त्याचा नकाशा काकूंनी वहीच्या पानावर पेन्सिलीने काढला होता : झोपाळ्याचा पट्टा, दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट, खिडकीखालचे काळे सांधे. हा थर कोठेही पुन्हा येत नाही; खोलीएवढाच मोठा आहे, आणि त्यामुळे संगणक थोडा अडखळतो. देवघराशी एक फरशी उलट बसवली आहे. पाहणाऱ्यांपैकी दोघांनी ती चूक म्हणून आम्हांला दाखवून दिली.